लालीचा तिसरा वाटा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचा मुलगा नागपूरहून एक कुत्रा घेऊन आला. मॅलिनॉय म्हणतात त्या जातीला. अंगानं सडसडीत, कान उभे, तोंड काळं, आणि डोळे सारखे काहीतरी काम शोधत असलेले. "आबा, तुम्ही यातले जाणकार, बघा जरा," म्हणाला. त्यानं कुत्र्याच्या बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं, पणज्यानं कुठल्या देशात कुठली स्पर्धा जिंकली तेही सांगितलं. आमच्याकडे पोरगी दाखवतानासुद्धा इतकी कुळी कुणी सांगत नाही. मी विचारलं, "आणि आई कशी होती?" तो जरा गडबडला. म्हणाला, "आई पण चांगलीच असेल ना." मी कुत्र्याची पाठ थोपटली. लेकरानं हौसेनं आणलेलं जनावर, कशाला नाट लावा.

या अंकासाठी मला जनावरांच्या दवाखान्यातले अनुभव मागितले आहेत. तिथं मी ड्रेसर होतो आणि तिथूनच निवृत्त झालो, ते खरं. पण त्या कुत्र्यानं मला त्याच्याही आधीच्या नोकरीत नेऊन सोडलं, आणि आता दुसरं काही सुचत नाही.

ती नोकरी कुत्री राखण्याची. गाव कुरखेड्याच्या बाजूचं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. जमीनदाऱ्या कायद्यानं नुकत्याच गेल्या होत्या. आमच्या मालकांचीही गेली, शौक तेवढा राहिला. शौक म्हणजे रानडुकराची शिकार, तीही बंदुकीनं नाही, कुत्रे आणि बरछी घेऊन. पुसाच्या महिन्यात धान घरी आलं की आजूबाजूचे शौकीन आपापले कुत्रे घेऊन जमायचे. आरडाओरडा करून रान उठवत हाका व्हायचा, कुत्रे डुकराला झुडपात कोंडायचे, त्यातला एखादा जाऊन कान धरायचा, आणि मग माणसं बरछ्या घेऊन पुढं व्हायची. कुणाच्या कुत्र्यानं आधी कान धरला यावर पुढच्या होळीपर्यंत बोलणं चालायचं.

मुख्य राखणदार दशरथभाऊ. जातीनं ढिवर. बाप-आजे तळ्यात मासे धरत आले, हा एकटाच कुत्र्यांत शिरला. ठेंगणा, काटक माणूस. बोलणं कमी, आणि जे होतं त्यातलं अर्धं कुत्र्यांशी. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा माझं लग्न होऊन एक मुलगी झाली होती, म्हणजे मी काही कोवळा नव्हतो. तरी पहिलं वर्षभर त्यांनी मला कण्या शिजवण्यापलीकडे काही करू दिलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चांगला कुत्रा आणि चांगली कुत्री यांची जोड लावली की चांगली पिल्लं होतात. तसं असतं तर मास्तरांची सगळी पोरं पहिली आली असती. दशरथभाऊ कुत्र्याकडे सगळ्यात शेवटी पाहायचे. आधी त्याची आई. मग आईच्या बहिणी. मग त्याच्याच विणीतली बाकीची भावंडं कुठं आहेत आणि काय करून राहिली आहेत. एक भावंड शूर निघालं आणि चार निकामी, तर ते शौर्य चुकून आलेलं, पुढं उतरेल याचा भरवसा नाही. पाचही बरी निघाली, तर मग ते रक्तात आहे. चितळामागं धावणारं घराणं वेगळं, ते डुकराच्या कामाचं नाही. सर्वांत वाईट म्हणजे खोटं भुंकणारं घराणं. वास नसताना भुंकायचं, सगळ्या हाक्याला चुकीच्या बाजूला न्यायचं. "लंगडेपण उतरत नाई गोविंदा," ते मला सांगायचे, "पण खोटेपण उतरते."

लोकांच्या समजुतींना ते हसायचे. कुत्री जागा बदलताना पहिलं पिल्लू उचलते ते उत्तम, असं सगळीकडे म्हणत. भाऊ म्हणायचे, "तिच्या तोंडाजवळ जे हाय ते उचलते ती. तुमच्यासारखं शास्त्र पाहत नाई."

गिऱ्हाइकं तर विचारू नका. बिडीपानाचा एक ठेकेदार दर वर्षी पिल्लू मागायला यायचा. त्याला लाल रंगाचंच पाहिजे असायचं, कारण त्याला कुणा महाराजानं लाल जनावर लाभेल म्हणून सांगितलं होतं. भाऊंनी एकदा त्याला सगळ्यात मंद पण लालभडक पिल्लू दिलं. पुढच्या वर्षी तो परत आला, "भाऊ, लय गुणाचा निघाला, दिवसभर झोपते, कोणाले चावत नाई." आम्ही दोघं त्या दिवशी पोट धरून हसलो. भाऊंना मी हसताना पाहिलं ते असंच दोनचारदा.

त्यांचा एक नियम होता आणि तो मालकांनासुद्धा मोडता येत नसे. आमच्याकडे शिकारीत मटणाचे वाटे पडतात तेव्हा ज्या कुत्र्यानं पहिल्यांदा डुकराचा कान धरला त्याला माणसाबरोबरीचा वाटा मिळतो. जुनी रीत आहे. गोंडांच्या गावांत मी ती पाहिली आणि आमच्याकडेही होती. त्या वाट्यावर भाऊंचं सगळं गणित. तीन वाटे घेतल्याशिवाय त्यांच्या कुत्र्याची किंवा कुत्रीची जोड लावायची नाही. एकदा कान धरला तर तो राग असतो, दोनदा धरला तर नशीब, तिसऱ्यांदा धरला तर ते रक्त, असं ते म्हणत. त्यामुळे आमची कुत्री पार सिरोंच्यापर्यंत नावाजलेली होती.

पण त्या नियमाला एक भोक होतं, आणि ते मला दोन हंगामांत दिसलं. कान धरायला जो पुढं जातो, सुळा त्यालाच लागतो. तिसरा वाटा घेईपर्यंत जगणारं जनावर विरळा. मागं उभं राहून नुसती भुंकणारी सगळी सुखरूप घरी यायची आणि म्हातारी व्हायची. भाऊंनी पंचवीस वर्षं ज्या एका कुत्रीपासून घराणं जोपासलं होतं, त्याच्यातली बहुतेक जनावरं एक वाटा, दोन वाटे घेऊन मातीत गेली होती, वीण न देता. मी लागलो तेव्हा त्या घराण्यातली एकच कुत्री उरली होती. तिचं नाव लाली. तिच्या पोटची पिल्लं पाहायची, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. मूलबाळ नव्हतं. बायको सगुणाबाई कधी कधी मला म्हणायची, "माह्यासाठी तर कधी नवस नाई बोलला हा माणूस. त्या कुत्रीसाठी बोलला."

लालीचे दोन वाटे झाले होते. त्या हिवाळ्यात ती माजावर येण्याच्या बेतात होती. मालक एकदा स्वतः कुत्र्यांच्या आवारात आले.

"दशरथ, यंदा हिची जोड लावून टाक. भुऱ्या तयार आहे, त्याचे तीन झाले. हिला आता हाक्यात नेऊ नको."

भाऊ लालीच्या कानातल्या गोचिड्या काढत होते. मान वर न करता म्हणाले, "दोनच झाले मालक तिचे."

"अरे, मेली म्हणजे? मग कशाची जोड लावशील?"

"मेली तर मेली. पण उद्या कोणी म्हनंल, दशरथनं आपल्या लाडकीसाठी नियम मोडला. मग या घराण्याले काय अर्थ राह्यला?"

मालक चिडून निघून गेले. मी म्हणालो, "भाऊ, मालक खरं बोलून राहिले." ते म्हणाले, "तुले काय वाटते, मले नाई समजत?" आणि पुन्हा गोचिड्या काढायला लागले.

माघातल्या शेवटच्या हाक्याला लाली गेली. बांबूच्या रांजीत एकला, मोठा नर डुक्कर होता. कुत्रे भोवती गोल करून भुंकत होते आणि लाली त्यांच्यातून सरळ आत गेली. मी झाडावर होतो, मला फक्त बांबू हलताना दिसत होते. भाऊ खाली उभे होते, हातात बरछी, आणि ते डोळे मिटून नुसतं ऐकत होते. डुक्कर पडल्यावर लाली आपल्या पायांनी बाहेर आली. बरगडीवरचं कातडं वीतभर फाटून लोंबत होतं. भाऊंनी तिथंच पळसाच्या पानांवर तिला आडवं केलं आणि सुईदोऱ्यानं शिवलं. शिवताना ते रडत होते. माझ्यापासून त्यांनी ते लपवलं नाही. तिसरा वाटा त्यांनी घरी न नेता सगळ्या कुत्र्यांना वाटून टाकला.

जखम भरली, भुऱ्याशी जोड लागली, आणि मोह वेचायच्या दिवसांत लालीनं पाच पिल्लं घातली. भाऊ रोज सकाळी त्यांच्यासमोर उकिडवे बसून राहायचे. मी विचारायचो, "कसं वाटते भाऊ?" ते म्हणायचे, "आत्ताच काय सांगू, डोळे तर उघडू दे." पण चेहरा सांगायचा. त्या दिवसांत त्यांनी सगुणाबाईला ब्रह्मपुरीच्या बाजारातून लुगडं आणलं. तिनं मला ते मुद्दाम आणून दाखवलं.

वैशाखात, भर दुपारी, पिसाळलेलं कोल्हं आलं. कोल्हं दिवसा गावात येत नाही. आलं की समजायचं. तोंडाला फेस, मान वाकडी, समोर येईल त्याला चावत ते सरळ आमच्या आवारात शिरलं. बहुतेक कुत्रे बैलगाडीखाली, गोठ्यात, मिळेल तिथं लपले. भुऱ्या पुढं झाला आणि पिल्लांजवळून उठून लाली. तिनं कोल्ह्याचा कान धरला. तेच तर आम्ही तिला शिकवलं होतं, किंवा शिकवलंही नव्हतं, तिच्यात होतं. कोल्हं तिला चावत राहिलं पण तिनं सोडलं नाही. आम्ही काठ्यांनी कोल्हं मारलं. भाऊ लालीचा जबडा सोडवायला गेले तेव्हा तिचा दात त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. सुटल्याबरोबर ती पळत पिल्लांकडे गेली आणि त्यांना चाटायला लागली.

भुऱ्याला आणि लालीला मालकांनी त्याच संध्याकाळी गोळी घालायला लावली. भाऊंनी लालीला स्वतः धरून ठेवलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

पिल्लंही मारा, असं मालक म्हणाले. तिनं त्यांना चाटलंय, उद्या ती गावातल्या पोट्ट्यांना चावतील. यात चूक काही नव्हतं. भाऊ मालकांच्या पायावर डोकं ठेवून बसले, उठेनात. शेवटी मालक म्हणाले, गावाबाहेर बोडीच्या तळ्याकाठी धान राखायची झोपडी आहे, तिथं ने. तूच राहा. पावसाळाभर एकही पिल्लू गावात दिसलं नाही पाहिजे. तू तिथून हललास तर माझी माणसं येऊन त्यांना मारतील.

आता अंगठ्याचं. पिसाळलेलं जनावर चावलं तर पोटात रोज एक अशी सुयांची रांग घ्यावी लागते हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी चांद्याला मोठ्या दवाखान्यात जाऊन राहायचं. मी त्याच संध्याकाळी म्हणालो, "भाऊ, उद्या सकाळच्या मोटारीनं चांद्याले चला. पिल्लं मी पाहतो. मालकाले मी सांगतो."

"काऊन? मले कोल्हं कुठी चावलं?"

"लालीचा दात लागला ना."

"लालीचा," ते म्हणाले. "लाली काय पिसाळली होती? तिच्या रक्तात खोट नाई, गोविंदा. चार पिढ्या मी पाह्यल्या तिच्या. तिचा दात बाधत नाई."

मी सांगितलं की रक्ताचा प्रश्न नाही, तिच्या तोंडात कोल्ह्याची लाळ होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या आईबद्दल वाईट बोललो. मालकांनी दटावलं, त्यांना ते म्हणाले, जाईन, पिल्लांची सोय झाली की जातो. सगुणाबाईनं पाय धरले. तिला म्हणाले, "पिल्लं दूध पिऊन राह्यली होती तिचं. मले बाधलं तर त्यांले नाई बाधणार? मी दवाखान्यात गेलो म्हणजे मीच कबूल केलं का पिल्लं वाईट हायेत. मग लोक सोडतीन त्यांले?" त्यांनी वैद्याकडून आणलेला पाला अंगठ्याला बांधला आणि पिल्लं टोपल्यात घालून बोडीवर राहायला गेले.

मी नंतर तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. कुत्रं चावलेला कुणी आला आणि मी त्याला त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात पाठवलं नाही असं एकदाही झालं नाही. कित्येकांना मी शिव्या घालून पाठवलं. लोकांना वाटायचं हा ड्रेसर फार तोंडाळ आहे.

जखम भरून आली. भाऊ मला हात दाखवून हसायचे. मी रोज कण्या आणि दूध घेऊन जायचो, लांबून ठेवायचो. पिल्लं झपाट्यानं वाढत होती. त्यांना बोडीच्या पाळीवर पळवत ते बसलेले असायचे. कोणतं पिल्लू आवाजाला दचकतं, कोणतं भावाच्या तोंडचं हिसकत नाही, कोणतं एकटं पडलं तर रडत नाही, हे मला ओरडून सांगायचे. मला वाटायला लागलं होतं की आपणच भित्रे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी मी गेलो तेव्हा ते झोपडीच्या दारात बसले होते. पिल्लं बाहेर खुंट्यांना बांधलेली. मला म्हणाले, "तिथीच थांब. जवळ येऊ नको."

"काय झालं?"

"काल संध्याकाळपासून पाणी घशाखाली जाऊन नाई राह्यलं. गिलासाकडे पाह्यलं का गळा आवळते." मग म्हणाले, "मले समजलं गोविंदा. कुत्र्याचं तर मी लांबून ओळखतो."

चारी बाजूंना शेतांच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या होत्या. त्यांनी तोंड झोपडीच्या आतल्या कुडाकडे फिरवलं होतं. त्यांनी मला पिल्लांबद्दल सगळं सांगितलं. कोणाला कण्या कमी घालायच्या, कोणाला कुणाशी जोडायचं, कोणतं शिकारीला अजिबात न्यायचं नाही. बोलताना त्यांना धाप लागत होती. मग म्हणाले, सगुणाले बोलवू नको, तिले हे पाहू देऊ नको. मी बोलावलं. ती आली आणि दाराबाहेर, त्यांना दिसणार नाही अशी बसून राहिली. गावच्या माणसांनी झोपडीचं दार बाहेरून बांधून घेतलं होतं. ते तीन दिवस मला वर्णन करता येत नाहीत आणि करायचेही नाहीत.

आम्ही त्यांना माती देऊन परत येईपर्यंत गावातल्या कुणीतरी चार पिल्लांना काठ्यांनी मारून टाकलं होतं. खुंट्यांना बांधलेली होती, पळता आलं नसेल. पाचवी एक मादी दोरी चावून तोडून बोडीकाठच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन बसली होती. मी तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळून, लपवून, माझ्या सासुरवाडीला पोचवली आणि वर्षभरानं नोकरी सोडून मीही तिकडं गेलो. सगुणाबाईची बहीण त्याच गावात दिलेली होती. तीही पुढं तिथंच राहायला आली.

त्या कुत्रीला काहीही झालं नाही. मारलेल्या चौघांनाही झालं नसतं असं मला वाटतं, पण ते आता कोण सांगणार. ती आईसारखीच निघाली, बांधावर आलेली डुकरं एकटी कोंडून धरायची. दोनदा माजावर आली तेव्हा मी तिच्यासाठी चांगला नर शोधत हिंडलो. पलीकडच्या गावात सोमाभाऊंकडे एक होता, अगदी दशरथभाऊंनी निवडला असता असा. सोमाभाऊ पूर्वी मालकांकडे शिकारीला यायचे, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी आपला कुत्रा घरात ओढून घेतला आणि दार लावलं. दाराआडून म्हणाले, "जनावर चांगलं हाय गोविंदभाऊ. पण तिच्या रक्तात दशरथभाऊ हाय. नको." बाकीच्या गावांतही हेच झालं. शेवटी मी फिरणं सोडून दिलं. ती वीण न देता म्हातारी झाली.

सगुणाबाईनं तिला कधी हात लावला नाही, नावानं हाक मारली नाही. पण बाजारच्या दिवशी माझ्या घरावरून जाताना ती आत यायची. रांजणातलं पाणी पितळीत काढायची, कुत्रीसमोर ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची.

"पेते ना हे पाणी?" पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मला विचारलं.

"पेते बाई. रोजच पेते."

तिचा विश्वास बसला नाही. कुत्रीनं पितळी चाटून कोरडी करेपर्यंत ती पाहत बसली, मग पिशवी उचलून बाजाराला गेली. पुढच्या बाजाराला ती परत आली.